पोट्ट्याच्या मागे चाला

पुण्यामुंबईत एखादी गोष्ट शिळी झाली की ती नागपूरला पोचते, आणि नागपूरलाही शिळी झाली की आमच्या पांढुर्णा-सौंसरला. प्री-वेडिंगचे फोटो असेच आले, केकवरचा फटाका असाच आला. आता घरशाळा येऊ घातली आहे. मूल शाळेत घालायचं नाही. घरीही पाटी देऊन बसवायचं नाही. रोजच्या जगण्यात त्याला ज्याची गोडी लागेल त्याच्या मागे आपण चालायचं. अक्षर, आकडा, विज्ञान सगळं वाटेत सापडत जातं. एका लग्नाच्या पंगतीत नागपूरच्या भाच्याने ही थिअरी मांडली, तेव्हा शेजारचे आबाजी वरणात भात कालवत म्हणाले, "म्हंजे लहानपनी जे करून आम्ही मार खाल्ला, थेच ना?"

तेच, आबाजी. फक्त आता त्याचे पैसे पडतात.

या विषयाचं विकतचं पाकीट आमच्याकडे आलं तर त्यात काय असेल, हे सांगायला ज्योतिषी नको. सोमवारी 'मुक्त कुतूहल', संध्याकाळी ५ ते ५.४०. मंगळवारी 'मातीशी मैत्री', माती पाकिटासोबत. बुधवारी 'निसर्गवाचन', त्यासाठी झाडाचं रंगीत चित्र. गुरुवारी मुलाची आवड कोणती निघाली याचा अहवाल ॲपवर भरायचा, आणि शुक्रवारी ॲप सांगणार की आवड वयाच्या मानाने मागे आहे. ज्या तालुक्यात पोराच्या नखांतली काळी माती आठवडाभर निघत नाही, तिथे पार्सलने माती मागवणारी चार घरं निघतील. पैज लावतो.

मूळ कल्पनेची टिंगल करायचं मात्र कारण नाही. अमेरिकेतले जॉन होल्ट स्वतः कित्येक वर्षं मास्तर होते. मुलं कशी शिकतात यावरचं त्यांचं पुस्तक १९६७ मध्ये आलं. पुढे शाळा सुधारतील ही आशाच सुटली, तेव्हा १९७७ मध्ये त्यांनी घरी शिकणाऱ्या मुलांच्या आईबापांसाठी नियतकालिक काढलं. म्हणणं थोडक्यात एवढंच की मूल शिकायचं कधी थांबतच नाही, आपण मध्ये तडमडतो.

हे तडमडणं कसं असतं ते संत्र्यावर पाहू. आमच्याकडे सगळं शेवटी संत्र्यावरच येतं.

संत्र्याच्या देठाजवळ एक हिरवी टिकली असते. नखाने ती अलगद उचकटा. खाली फिक्या ठिपक्यांचं बारीक कडं दिसतं. ते ठिपके मोजून ठेवा, मग संत्रं सोला आणि फोडी मोजा. बहुतेक वेळा आकडा जुळतो, कारण फोडीफोडीला अन्नपाणी पोचवणाऱ्या शिरा तिथूनच आत गेलेल्या असतात. सहा वर्षांच्या पोराच्या हाती ही युक्ती लागली की घरातलं एकही संत्रं सुटत नाही. दहा की अकरा? एखाद्यात चुकलं तर का चुकलं? एखादी चिमुकली फोड दोन मोठ्यांच्या मध्ये दडून बसली होती का? यात मोजणी आली, अंदाज आला, पडताळा आला आणि अपवादही आला. सामानाचा खर्च शून्य. संत्री तेवढी संपतात.

आता घरात काय होतं ते ऐका.

"देठं काऊन उपटले बे साऱ्याचे? सडते ना माल!"

झालं, वर्ग सुटला. बापाचंही चूक नाही. टिकली गेलेलं संत्रं खरंच लवकर सडतं. पण "सडते काऊन?" एवढा पोराचा पुढचा प्रश्न निघू दिला असता तर दुसरा तास तिथेच सुरू झाला असता. तो निघत नाही, कारण तोवर ट्यूशनची वेळ झालेली असते. ट्यूशनला त्या दिवशी 'फळाचे भाग' असतात. पाठ करायला.

बगीच्यात तर प्रश्नांची रांगच लागलेली असते. पन्हेरीत जंबेरीच्या खुंटावर डोळा बांधणारा माणूस पोरगं पाहतं: सालीला उभी-आडवी चीर, तिच्यात डोळा सरकवला, वर पट्टी गुंडाळली. खाली जंबेरी, वर संत्रं. "मंग ह्या झाडाची माय कोनती?" हा प्रश्न कृषी महाविद्यालयात जाऊन विचारायला चार वर्षं आणि फी लागते. पोरगं फुकट विचारतं आणि फुकट टपली खातं. संत्र्याचं एक बी मातीत टाकावं तर कधी त्यातून दोन-तीन कोंब वर येतात. पुस्तकात एक बी, एक रोप असं चित्र असतं. अशा वेळी खरं कोण, पुस्तक की कुंडी? आमच्याकडे पुस्तक. कुंडीला परीक्षेत मार्क नाहीत.

पानं काळी पडली की "कोळशी आली" म्हणून आपण मोकळे होतो. पोरगं बोट फिरवून पाहतं: काळं निघतं, खाली पान हिरवंच. मग काळं कुठून आलं? पानामागे बारीक माशीची पिल्लं रस शोषत बसलेली असतात, त्यांचा चिकट पाझर खाली सांडतो आणि त्यावर काळी बुरशी चढते. म्हणजे चोर एक आणि तोंड काळं दुसऱ्याचंच. राजकारण शिकवायला याहून सोपा धडा मिळायचा नाही.

आणि ताण. आंब्या बहाराची फुलं यावीत म्हणून त्याआधी बगीच्याचं पाणी तोडतात. झाड काही दिवस तहानलेलं ठेवतात, मग पाणी सोडलं की फुटवा येतो, फुलं येतात. ही गोष्ट आमच्या आईबापांना इतकी पटली आहे की ती पोरांनाही लावून टाकली. फरक एवढाच की संत्र्याला ताण दिला तर तो तोडायचा कधी, हे बागाईतदाराला ठाऊक असतं. पोराचा ताण नर्सरीत सुरू होतो तो नीटच्या निकालापर्यंत. वर पुन्हा विचारायचं, बहार का नाही आला?

"पन मग पोलीस नाही येत का, शाळेत नाही घातलं तं?" हा प्रश्न दर बैठकीत निघतो. शिक्षणहक्काचा कायदा २००९ चा, लागू १ एप्रिल २०१० पासून, ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी. मूल जवळपासच्या शाळेत घालणं हे आईबापांचं कर्तव्य आहे, असं त्याचं दहावं कलम सांगतं. कर्तव्य चुकवलं तर आईबापांना दंड काय, हे कुठलंच कलम सांगत नाही. घरशाळेचं नावही त्यात नाही. म्हणजे ती मंजूर आहे म्हणावं तर कागद नाही, बंदी आहे म्हणावं तर शिक्षा नाही. ज्यांना कुंपणावर बसायची सवय आहे त्यांची इथे उत्तम सोय. गंमत दुसरीच आहे. सहाच्या आतलं मूल शाळेत घाला असा आग्रह हा कायदा करतच नाही. तरी आमच्याकडे अडीच वर्षांच्या पोराला टाय बांधून ऑटोत कोंबतात. कायदा मोडायची भीती घरशाळावाल्याला, आणि कायद्याने न मागितलेलं साडेतीन वर्षं आगाऊ भरणारे आपण शहाणे.

भाषेचं त्रांगडं वेगळंच. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती आणि आपण सगळे एकाच राज्यात होतो. त्या दिवशी विदर्भ मुंबई राज्यात गेला, छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर मिळून आपला वेगळा जिल्हा झाला. पाट्या बदलल्या, पुस्तकाची भाषा तीच. त्यामुळे आमचं पोरगं प्रश्न मराठीत विचारतं, पुस्तक उत्तर हिंदीत देतं आणि आईबाप शाबासकी इंग्रजीत. २०२० चं शिक्षण धोरण म्हणतं, शक्य असेल तिथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवा. 'शक्य असेल तिथे' या फटीतून संत्र्याचा भरलेला ट्रक निघून जाईल. घरशाळेत तरी ही अडचण नसावी. घर आपलं, भाषा आपली. पण घरशाळेच्या गप्पा मारणारी पहिली आई मी जी ऐकली ती म्हणत होती, "बेटा, ऑरेंज फिनिश कर." देवा, या मातीत संत्र्यालाही परदेशी पाठवलं.

बरं, हे सगळं शोधायला लांब जायचीही गरज नव्हती. पांढुर्ण्याच्या स्टेशनावर उभे राहा. एका बाजूला नरखेड, काटोल, नागपूर आणि पुढे सेवाग्राम. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षणाची कल्पना मांडली, झाकीर हुसेन यांच्या समितीने तिचा अभ्यासक्रम आखला, आणि सेवाग्रामात टकळीवर गणित सुरू झालं. दुसऱ्या बाजूला मुलताई, आमला, बैतूल, इटारसी आणि मग होशंगाबाद, ज्याला आता नर्मदापुरम म्हणतात. १९७२ मध्ये तिथल्या १६ मिडल स्कूलमध्ये किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी विज्ञान शिकवायची नवी रीत सुरू केली. पाठांतर बंद, पोरांनी शेतात, नाल्यात जायचं, पाहायचं, मोजायचं, भांडायचं आणि मग लिहायचं. परीक्षेत पुस्तक उघडं ठेवायला परवानगी. पुढे ती जिल्हाभर गेली, त्यातूनच १९८२ मध्ये एकलव्य ही संस्था उभी राहिली.

त्यातला सवालीराम मला सगळ्यात प्यारा. पोरांना काही अडलं की त्यांनी सवालीरामला पत्र टाकायचं. सवालीराम नावाचा माणूस नव्हताच. पण उत्तर यायचं. आमच्या घरी उलटं आहे. माणूस समोर खुर्चीत बसलेला असतो, उत्तर येत नाही.

२००२ मध्ये राज्य सरकारने होशंगाबादचा तो विज्ञानाचा कार्यक्रम बंद केला. तीस वर्षं पोरं प्रश्न विचारत होती, हे कुणाच्या तरी लक्षात आलं असावं.

म्हणजे एकाच रुळांवर, आमच्या दोन्ही हातांना, पोरांच्या जगण्यातून शिकवायचे देशातले दोन गाजलेले प्रयोग. आम्ही त्या रुळांवरून दक्षिणेला गेलो ते नागपूरच्या सदरला कपडे घ्यायला, आणि उत्तरेला गेलो ते भोपाळला बदली थांबवायला.

आता अवघड पेपर. पोराच्या आवडीमागे चाला म्हणता ना? चला मग पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. नागपूरकडे त्या दिवशी तान्हा पोळा. पोट्टे लाकडी बैल घेऊन दारोदार बोजारा मागतात. आमच्याकडे जाम नदीत पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा, आणि पांढुर्णा एका काठावर, सावरगाव दुसऱ्या काठावर. मग दिवसभर गोटमार. दरवर्षी शेकडो डोकी फुटतात, माणसंही गेली आहेत. प्रशासनाने गोट्यांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले. लोकांना ही अदलाबदल पसंत पडली नाही. तर समजा, तुमच्या सात वर्षांच्या पोराची नैसर्गिक, उत्स्फूर्त, बालकेंद्री आवड निघाली गोटा. आता काय करता?

इथे घरशाळेच्या बऱ्याच पुस्तकांची पानं चिकटतात. आवड म्हणजे मुलाच्या अंतरंगातून उमललेलं फूल, असं त्यांत लिहिलेलं असतं. अंतरंगातून काही उमललेलं नसतं. पोराने बापाला पडलेले टाके पाहिलेले असतात आणि त्या टाक्यांची गावात होणारी वाहवा ऐकलेली असते. गोटमार या एका विषयात आमच्याकडे घरशाळा पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे, हजेरी शंभर टक्के. मोबाइलचंही तसंच. "याले मोबाइलशिवाय काही आवडतच नाही," ही तक्रार बाप रील सरकवता सरकवता करतो. पोराच्या मागे चालायचं तर आधी पाहावं लागतं की ते कुणाच्या मागे चाललं आहे. बहुतेक वेळा पुढे आपलीच पाठ दिसते.

आणि गोटा काही वाईट नाही. जाम नदीतला काळा दगड उचलून पोरगं विचारतं, "हा कुठून आला?" तो लाव्ह्याचा आहे, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. आपल्या जुन्या छिंदवाडा जिल्ह्यातच मोहगाव कलांला त्या लाव्ह्याच्या थरांमध्ये दगड झालेली फळं-फुलं सापडतात; बिरबल साहनींसारख्या मोठ्या वैज्ञानिकाने त्यांवर काम केलं. मोहगावच्या नावाला जगभरचे जीवाश्म अभ्यासणारे ओळखतात. पांढुर्ण्यात दहा जणांना विचारा. गोटा हातात आहे तोवर त्याच्यावर तास घेता येतो. सुटल्यावर फक्त टाके घालता येतात.

एक जोडी मात्र या साऱ्या गप्पांतून हमखास सुटते: ज्यांचं पोर कापूस वेचणीच्या दिवसांत शाळेत नसतंच, ते आईबाप. त्यांच्या घरी कुणी आवड विचारत नाही. धाकटं भावंड सांभाळणं, शेळ्या वळणं, पाणी भरणं हाच अभ्यासक्रम. त्यांना घरशाळा सांगायला जाल तर ते म्हणतील, तेच तर चाललं आहे, साहेब. आम्हाला शाळा पाहिजे.

याचं उत्तर मराठी बायकांनी केव्हाच दिलं आहे. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत काम करून आल्या होत्या. पोराला हात न उगारता, त्याच्या कलाने शिकवणं त्या तिथे पक्कं शिकल्या. १९४५ मध्ये त्यांनी ठाणे जिल्ह्यात बोर्डीला काम मांडलं, पुढे ते कोसबादच्या टेकडीवर गेलं, सोबत अनुताई वाघ. आदिवासी पोरं शाळेत येईनात, कारण ती गुरं घेऊन रानात असायची. या बायांनी पोरांच्या आयांना बोल लावला नाही. शाळाच उचलून कुरणात नेली. कुरणशाळा. गुरं चरताहेत, पोरं बसलीत, समोर पानं, खडे, बिया. पोराच्या मागे चालणं ते हे. गुरांच्या शेणातून, उन्हातून, अनवाणी. तिथे 'मातीशी मैत्री' हा वेगळा तास ठेवावा लागला नसणार.

आणखी एक गोष्ट घरशाळेच्या भक्तांनी लक्षात ठेवावी. घरी शिकणाऱ्या मुलाची आवड क्रिकेटपासून रोबोटपर्यंत कुठेही जाते. मुलीची आवड फिरून फिरून पोळ्या लाटण्याशीच कशी येऊन थांबते? "तिले आवडतेच ना स्वयंपाक, आम्ही काय जबरदस्ती थोडी करतो!" नाही, अजिबात नाही. नऊ वर्षांची पोरगी स्वखुशीने रोज वीस पोळ्या लाटते आणि तिचा अकरा वर्षांचा भाऊ स्वखुशीने खातो. आवडीनुसार शिक्षण दोघांचंही चालू आहे.

दाखला म्हणून सगळे मालविका जोशीचं नाव घेतात. मुंबईची मुलगी, शाळा मधूनच सोडली, घरी शिकली, कॉम्प्युटरच्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडमध्ये पदकं आणली. बारावीचा कागद नाही म्हणून आयआयटीत प्रवेश नाही. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीने घेतलं. गोष्ट खरी आणि अभिमानाची. पण आमच्याकडे तिचा अर्थ असा लागतो की पोराला घरी ठेवलं की एमआयटीचं पत्र येतं. म्हणजे पुन्हा तेच! शाळा सोडली, रँक नाही सोडली. पोराला संत्र्याचे ठिपके मोजायची हौस आहे, ही बातमी व्हॉट्सॲपवर टाकायला कुणी तयार नाही. ठिपके मोजून ऑलिम्पियाडला गेला असता तर टाकली असती.

माझं म्हणणं साधं आहे. पोराला शाळेत घाला, घरी ठेवा, अर्धं इकडे अर्धं तिकडे करा. शाळेतून आलेल्या पोराच्याही मागे संध्याकाळी चालता येतं, आणि दिवसभर घरी ठेवलेल्या पोराचाही प्रश्न सकाळी नऊलाच मारता येतो. लागतं काय? रोज एक मोठा माणूस, ज्याला थोडा वेळ आहे आणि "मले नाही माहीत, चाल पाहू" हे पाच शब्द म्हणताना ज्याचं नाक कापलं जात नाही. ही वस्तू कुठल्याच पाकिटात मिळत नाही, म्हणून पाकिटं खपतात.

परीक्षेची चिंता असेल तर तीही सोडा. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून चौदा वर्षं पूर्ण झाली की घरी अभ्यास करून दहावीला बसता येतं. नापास झालं तरी हरकत नाही. पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. पोरं आपल्याला याहून जास्त संधी देतात. पहिल्यांदा "चूप बस" म्हटलं तरी पुन्हा विचारतात, दहाव्यांदा म्हटलं तरी विचारतात. मग कधीतरी, बाराव्या-तेराव्या वर्षी, आपला फॉर्म भरणं बंद करतात. आपण त्याला म्हणतो, पोरगं आता समजदार झालं.